खुनाच्या खटल्यात ‘सेटिंग झालं’ म्हणण्याआधी काय बघावं

मी सेशन्स कोर्टात फौजदारी बाजू चालवते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. त्यातली बरीच कामं विधी सेवा प्राधिकरणाकडून येतात. आरोपीकडे वकील लावायला पैसे नसतात, म्हणून सरकारी खर्चाने मी उभी राहते. एखादी खुनाची केस गाजली की ओळखीपाळखीचे लोक मला दोनच गोष्टी विचारतात. ‘ह्यात सेटिंग झालंय का हो?’ आणि ‘असल्या माणसाला वकील मिळतोच कसा?’ पहिला प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. कोर्टात सगळं स्वच्छच चालतं असं सांगायला मी बसलेले नाही. पण संशय घ्यायचा तर तो योग्य जागी घ्यावा. ती जागा कशी शोधायची, ते सांगते.

आधी ठरवा, नेमकं झालंय काय

‘आरोपीला सूट’, ‘आरोपीशी सौदा’ असा मथळा दिसला की त्यामागे चार-पाच अगदी वेगळ्या गोष्टींपैकी कुठलीही असू शकते. आरोपीने गुन्हा कबूल केला असेल. एखादा आरोपी माफीचा साक्षीदार झाला असेल. खुनाचं कलम उतरून सदोष मनुष्यवधाचं लागलं असेल. साक्षीदार फितूर झाले असतील. किंवा नुसता जामीन झाला असेल, आणि जामिनाचा शिक्षेशी काडीचा संबंध नसतो. बातमीत यातलं काय आहे हे कळेपर्यंत मत देऊ नका. बातमीत कळत नसेल तर कलम शोधा.

कलम शोधताना गुन्ह्याची तारीख बघा. १ जुलै २०२४ च्या आधीचा खून असेल तर भारतीय दंड संहितेचं ३०२ लागतं, त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३. शिक्षा दोन्हीकडे तीच, फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड. ‘नवीन कायद्यात खुनाची शिक्षा कमी झाली’ असं कोणी सांगत असेल तर त्याला हे दाखवा.

आता प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा पदरात पाडून घेणं. हा शब्द लोकांनी अमेरिकेच्या बातम्यांतून आणि मालिकांतून उचललाय. आपल्याकडे ही सोय २००५ च्या दुरुस्तीने आली आणि जुलै २००६ पासून लागू झाली. पण ज्या गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांपेक्षा जास्त असू शकते, त्याला ती मिळतच नाही. शिवाय स्त्रियांविरुद्धचे आणि मुलांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. खूनच काय, सदोष मनुष्यवधालाही ती लागू होत नाही, कारण तिथेही शिक्षा किमान दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे आपल्याकडच्या खुनाच्या केसमध्ये ‘वकिलाने प्ली बार्गेन करून सोडवला’ असं कोणी लिहिलं असेल, तर लिहिणाऱ्याने कायदा उघडून पाहिलेला नाही एवढं नक्की समजा. मात्र निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे बेदरकार गाडीखाली माणूस गेला, अशा केसमध्ये कमाल शिक्षा पाच वर्षं असल्याने तो अर्ज होऊ शकतो. लोक रागाच्या भरात त्यालाही खूनच म्हणतात, आणि मग गोंधळ होतो.

खुनात तडजोडही होत नाही. मयताच्या घरच्यांनी ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून दिलं तरी केस संपत नाही. केस सरकारची असते.

‘कबूल केलंय ना, मग खटला कशाला?’

चार्ज फ्रेम करताना न्यायाधीश आरोपीला आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का. त्याने हो म्हटलं तर त्याला तिथेच दोषी ठरवता येतं, पण ठरवलंच पाहिजे असं नाही. ते कोर्टाच्या मर्जीवर आहे. जिथे फाशी होऊ शकते तिथे शहाणं कोर्ट नुसत्या ‘हो’वर विसंबत नाही. २० जुलै २००९ ला कसाब भर खटल्यात उभा राहिला आणि गुन्हा कबूल आहे म्हणाला. सगळ्या देशाला वाटलं, झालं, संपलं. न्यायाधीश तहलियानी यांनी त्याचं म्हणणं नोंदवून घेतलं, त्यात सगळे आरोप कबूल नाहीत हे पाहिलं, आणि साक्षीपुरावा पुढे चालू ठेवला. निकाल लागला मे २०१० मध्ये. त्या दहा महिन्यांवर तेव्हा खूप टीका झाली. मला विचाराल तर पुढे हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टात तो निकाल टिकला, त्यात ह्या महिन्यांचा मोठा वाटा होता.

पोलिसांसमोरची कबुली हा तर वेगळाच विषय. ‘आरोपीने पोलिसांना कबुली दिली’ ही बातमी वाचताना एक लक्षात ठेवा, ती कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्या कबुलीतून कोयता किंवा मोबाईल निघाला, तर तेवढाच भाग चालतो. म्हणून बातमीत ‘कबुली’ वाचली की पुढचा प्रश्न विचारा, त्यातून जप्त काय झालं?

माफीचा साक्षीदार: खरा व्यवहार इथे होतो

खुनाच्या केसमध्ये आपल्या कायद्याला मान्य असलेली देवाणघेवाण एकच. गुन्ह्यात सामील असलेला माणूस सगळं खरं सांगायला तयार होतो, आणि त्या बदल्यात कोर्ट त्याला माफी देतं. लोकांचा राग इथे होतो आणि तो समजण्यासारखा आहे. ज्याने प्रेत उचलायला हात लावला तोच उद्या मोकळा फिरणार, हे मयताच्या आईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण हीच युक्ती नसती तर महाराष्ट्रातले काही खटले उभेच राहिले नसते. १९७६-७७ मध्ये पुणं ज्यांनी हादरलं त्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यात टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला. बाकीच्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. कोल्हापूरच्या गावित बहिणींच्या बालहत्या प्रकरणात रेणुकाचा नवराच सरकारी बाजूने उभा राहिला. दोन्हीकडे घरातलं, टोळीतलं बोलणं बाहेरच्या माणसाला कळण्याची सोयच नव्हती.

माफी म्हणजे कोरा चेक नव्हे. अट असते ती संपूर्ण आणि खरी हकिकत सांगण्याची, स्वतःच्या वाट्यासकट. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला आतच राहावं लागतं. साक्ष देताना त्याने शब्द फिरवला किंवा काही दडवलं, तर सरकारी वकील तसं प्रमाणपत्र देतात आणि मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर वेगळा खटला चालतो.

आणि त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोर्ट सहसा शिक्षा देत नाही, दुजोरा मागतं. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार होता. न्यायाधीश आत्माचरण यांनी त्याला खरं बोलणारा साक्षीदार मानलं. तरीही सावरकरांच्या विरोधात त्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही, म्हणून फेब्रुवारी १९४९ च्या निकालात त्यांना निर्दोष सोडलं. त्याच निकालात गोडसे आणि आपटे यांना फाशी सुनावली गेली. एकच साक्षीदार, आणि आरोपीगणिक त्याचं वजन वेगळं.

म्हणून माफीची बातमी आली की मी काय शोधते ते सांगते. माफी मागितलेला माणूस मुख्य आहे की किरकोळ? मुख्य सूत्रधारच माफी घेऊन बसला आणि गाडी चालवणारा आत गेला, तर तिथे जरूर शंका घ्या. त्याच्याशिवाय पुरावा काय होता? भरपूर असेल तर माफी कशाला दिली, हे सरकारी वकिलांनी सांगायला हवं. त्याने सांगितलेली एखादी तरी गोष्ट दुसऱ्या मार्गाने पक्की होते का, जसं की टोलनाक्याची पावती, कॉल रेकॉर्ड, लॉजचं रजिस्टर? आणि माफीचा अर्ज अटकेनंतर किती दिवसांनी आला?

उलटतपासात आम्ही हेच उकरतो. माफीच्या साक्षीदाराचा जबाब टाइप केलेला असतो, आणि त्यात ‘सदरहू इसमाने मयतास जिवे ठार मारण्याचे उद्देशाने’ असली भाषा असते. पिंजऱ्यात उभा असतो सातवी नापास ट्रॅक्टर ड्रायव्हर. मी त्याला हळूच विचारते, ‘सदरहू’ हा शब्द तुम्ही घरी वापरता का? मग विचारते, हा जबाब तुम्ही सांगितला तेव्हा खोलीत कोण कोण होतं? पोलीस कोठडीत जेवण कोण देत होतं? ह्या जबाबातला तिसरा परिच्छेद तुमच्या शब्दांत सांगता का? जो खरंच तिथे होता तो अडखळत, पुढचं मागे करत का होईना, सांगतो. मध्येच एखादी अशी गोष्ट बोलून जातो की जी जबाबात नाही पण खरी वाटते, कुत्रं भुंकत होतं, चप्पल तिथेच राहिली. ज्याला पढवलंय तो टाइप केलेलं वाक्य तसंच्या तसं म्हणतो. अशा वेळी न्यायाधीश पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघतात, आणि मला पुढे काही विचारावं लागत नाही.

हेडलीचं उदाहरण वादासाठी जवळ ठेवा

‘सौदा योग्य की अयोग्य’ यावर भांडायचं असेल तर डेव्हिड हेडलीइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण त्यात भारत आणि अमेरिका, दोन्हीकडचे कायदे आहेत. मुंबईच्या हल्ल्याची रेकी त्याने केली. १६६ माणसं गेली. मार्च २०१० मध्ये त्याने शिकागोच्या कोर्टात गुन्हा कबूल केला, आणि बदल्यात दोन गोष्टी मिळवल्या, फाशी नाही आणि भारताच्या ताब्यात देणं नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. मग डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष कोर्टाने त्याला माफीचा साक्षीदार केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हिडिओवरून त्याची साक्ष झाली.

मला तो सौदा आवडत नाही. पण ‘त्याच्या तोंडून जे कळलं ते दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं का’ ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी त्याला सरसकट चूकही म्हणत नाही. वाद घालताना तुम्हीही हा प्रश्न टाळू नका.

अमेरिकेत हे रोजचं आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या एका निकालात नोंदवलं, की केंद्रीय कोर्टांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा कबुलीतूनच होतात. खुनाच्या केसमध्ये फाशी मागे घ्यायच्या बदल्यात कबुली घेतात. आयडाहोतल्या चार विद्यार्थ्यांच्या खुनात जुलै २०२५ मध्ये तेच झालं, चार जन्मठेपा, अपिलाचा हक्क सोडला, आणि खटलाच नाही. मयतांच्या घरच्यांमध्येच फूट पडली. कोणाला सुटका वाटली, तर कोणाला ‘का मारलं’ हे कधीच न कळण्याचा संताप. आपल्याकडच्या केसवर बोलताना तिकडचे नियम चिकटवू नका, पण हा संताप मात्र ओळखीचा आहे.

कलम उतरलं तर

‘३०२ चं ३०४ केलं’, आता ‘१०३ चं १०५’, म्हणजे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध. इथे संशयाला खरी जागा आहे, आणि तपासायला कागदही आहेत. अचानक आणि गंभीर चिथावणी, पूर्वतयारी नसताना झालेली भांडणं, स्वसंरक्षणाचा अतिरेक, अशा अपवादांत खून हा खून राहत नाही. बघायचं ते हे. हत्यार घरून आणलं होतं की तिथेच हाताला लागलं? वार किती, आणि कुठे? पोस्टमॉर्टेमच्या अहवालात सतरा नंबरचा रकाना असतो, त्यात अंगावरच्या जखमा एकेक करून लिहिलेल्या असतात. वकील, पोलीस, न्यायाधीश सगळे आधी तो उघडतात. मानेवर, छातीवर सात वार असतील आणि तरी ‘अचानक भांडण’ म्हणून कलम उतरलं असेल, तर त्याचं कारण निकालपत्रात शोधा. दंडुक्याचा एकच फटका डोक्यात बसून माणूस चार दिवसांनी गेला असेल, तर कलम उतरण्यात सेटिंग शोधत बसू नका.

नौदल अधिकारी नानावटीने बायकोच्या प्रियकराचा खून केला, त्या खटल्यात अख्खी मुंबई आरोपीच्या बाजूने होती, ज्युरीनेही आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं. सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये एवढंच पाहिलं की बायकोचं बोलणं ऐकल्यावर तो जहाजावर गेला, रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली, मग त्या प्रियकराच्या घरी गेला. राग निवायला वेळ होता. हायकोर्टाने दिलेली जन्मठेप कायम राहिली.

आरोपीच्या वकिलावर बोलण्याआधी

पहिलं बघा, वकील खाजगी आहे की विधी सेवेतून दिलेला. दिलेला असेल तर ‘किती पैसे खाल्ले’ हा प्रश्न विचारून हसं करून घेऊ नका. विधी सेवेचं मानधन किती असतं ते सांगितलं तर तुम्हीच मला चहा पाजाल.

दुसरं, वकील मिळणं ही मेहरबानी नाही. घटनेच्या कलम २२ मध्ये तो हक्क आहे, कलम ३९-अ मध्ये मोफत मदतीची जबाबदारी सरकारवर आहे. ‘आमचा बार ह्या आरोपीचं वकीलपत्र घेणार नाही’ असे ठराव वकील संघटनांत अजूनही होतात, त्यांचे फोटोही फिरतात. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये असे ठराव बेकायदा आणि रद्दबातल ठरवलेत. बार कौन्सिलचा नियमही सांगतो की आरोपीने गुन्हा केला असं वकिलाला स्वतःला वाटत असलं, तरी त्याचा बचाव करायचा.

कसाबसाठी अंजली वाघमारे यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या घरासमोर निदर्शनं झाली. पुढे त्यांना ज्या कारणाने बाजूला केलं ते निदर्शनांचं नव्हतं. हल्ल्यातल्या एका साक्षीदाराच्या भरपाईच्या दाव्यातही त्या वकील होत्या, म्हणून कोर्टाने दुसरा वकील दिला. आरोपीचं हित इतक्या बारकाईने बघायचं असतं. त्याच खटल्यातल्या फहीम अन्सारीचे वकील शाहिद आझमी यांना फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यात त्यांच्या ऑफिसात गोळ्या घातल्या. तीन महिन्यांनी त्याच कोर्टाने अन्सारीला पुराव्याअभावी सोडलं आणि सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. वकिलालाच गुन्हेगार समजणाऱ्यांना मी हे सांगते, आणि मग विषय बदलते.

तिसरं आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं. तुम्ही मयताच्या बाजूचे असाल तर आरोपीला चांगला वकील मिळावा अशीच इच्छा धरा. मध्य प्रदेशात २०१३ मध्ये एका लहान मुलीच्या खुनाचा खटला महिन्याच्या आत उरकला. वकील नेमला त्याच दिवशी चार्ज फ्रेम. फाशीची शिक्षा सुनावली गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. डिसेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला, कारण बचावाला संधीच दिली नव्हती. त्या मुलीच्या घरच्यांची जवळजवळ सात वर्षं पाण्यात गेली. तेव्हापासून नियम असा, की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणाऱ्या केसमध्ये कोर्टाने द्यायचा वकील किमान दहा वर्षं वकिली केलेला हवा, आणि तयारीला सर्वसाधारणपणे किमान सात दिवस हवेत. तुमच्या केसमध्ये हे पाळलं का, ते विचारा. ही चौकशी आरोपीच्या भल्याची वाटते, पण उद्या तुमचाच निकाल वाचवते.

वकिलावर टीका करूच नये असं मी म्हणत नाही. मयत मुलीच्या चारित्र्यावर घसरणारे, तिच्या आईला पिंजऱ्यात रडवून बाहेर येऊन बाइट देणारे वकील मी पाहिलेत. अपमानास्पद प्रश्न थांबवण्याचा अधिकार कोर्टाला आहे, आणि सरकारी वकिलाने हरकत घेतली का, हे बघा. खोटा साक्षीदार उभा करणं, साक्षीदाराला गाठून दम देणं, हा बचाव नाही, गुन्हा आहे. तिथे नाव घेऊन बोला, पण कागद हातात ठेवून.

कागद कुठे मिळतात

ई-कोर्ट्सच्या साइटवर आरोपीच्या नावाने किंवा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबरने केस उघडा. त्यात प्रत्येक तारखेला काय झालं ते दिसतं. ‘वकील मुद्दाम तारखा घेतोय’ असं ठामपणे सांगणाऱ्याला मी ती पानं दाखवते. आरोपीस जेलमधून हजर केले नाही. तपासी अंमलदार बंदोबस्तात. पंच गैरहजर, समन्स बजावणी नाही. मुद्देमाल आला नाही. मध्येच एखादी ‘आरोपीतर्फे मुदतीचा अर्ज’. मोजा आणि मग ठरवा कोणावर ओरडायचं.

मयताच्या घरचे असाल तर तुमचा स्वतःचा वकील सरकारी वकिलांना साहाय्य करायला लावता येतो, कोर्टाची परवानगी घेऊन. नवीन कायद्याखालच्या केसमध्ये वकील लावला असेल तर चार्जशीटची प्रत मागा, ती मिळते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवायचं असतं, तेही धरून बसा. सरकारने खटला मागे घ्यायचा अर्ज केला, तर तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय तो मंजूर करता येत नाही. कोणाला माफी देण्याची कुणकुण लागली तर सरकारी वकिलांना भेटून लेखी म्हणणं द्या, आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं कोर्टात कुणालाच आठवत नाही.

निकाल लागल्यावर पेपरातला मथळा बाजूला ठेवा आणि निकालपत्र डाउनलोड करा. आधी शेवटचं पान, म्हणजे आदेश, कोणत्या कलमाखाली दोषी, कोणत्याखाली सुटका. मग सुरुवातीला दिलेले मुद्दे आणि त्यांच्यासमोरचे ‘होय’, ‘नाही’. मग ज्या मुद्द्यावर ‘नाही’ आलंय तेवढाच भाग. सुटका झाली असेल किंवा कलम उतरलं असेल, तर मयताच्या घरच्यांना स्वतः अपील करता येतं. सरकार अपील करेल की नाही याची वाट बघत बसायची गरज नाही. प्रमाणित नकलेचा अर्ज मात्र निकालाच्या दिवशीच टाका, कारण नक्कल हातात पडायला किती दिवस लागतील ते नक्कल विभागातल्या बाबूलाही सांगता येत नाही.